कॉलेजचे गाव

मनमाडहून दौंडकडे जाणारी पॅसेंजर पुणतांबा, चितळी, निपाणी वडगाव अशी थांबत थांबत ज्या स्टेशनात यायची, त्याच्या पाटीवर 'बेलापूर' असे लिहिलेले असे. नवखा माणूस हमखास गोंधळायचा. बेलापूर गाव तिथून दूर, प्रवरेच्या काठी. आणि ज्याला उतरायचे ते श्रीरामपूर, त्याचे नाव पाटीवर नाहीच. मग खिडकीशी बसलेला कुणीतरी म्हणायचा, "उतरा, हेच श्रीरामपूर." १९७२च्या दुष्काळात मी पहिल्यांदा त्या फलाटावर उतरलो तेव्हा मलाही असेच कुणीतरी उतरवले होते. हातात पत्र्याची पेटी, खिशात अब्बांनी दिलेले भाड्याचे पैसे आणि अकरावी पास झाल्याचा दाखला. आमचे गाव गोदावरीच्या पलीकडे, वैजापूर तालुक्यात. अब्बा आठवडी बाजारात बांगड्या विकायचे. त्या वर्षी गावातले निम्मे हात खडी फोडायला गेले होते, बांगड्या कोण भरणार!

अलीकडे श्रीरामपूर-संगमनेर-लोणी या पट्ट्याला 'शैक्षणिक हब' म्हणण्याची पद्धत पडली आहे. रस्त्यांवरचे फलकही तसे सांगतात. कॉलेजांची संख्या मोजली की गाव शिक्षणाचे झाले, असा एकूण हिशोब दिसतो. मला हा हिशोब पटत नाही. कॉलेज कोणत्याही माळरानावर बांधता येते. कॉलेजचे गाव मात्र वसावे लागते. ते कशाने वसते, याचा शोध मी माझ्यापुरता श्रीरामपुरातून घेतला आहे. श्रीरामपूर हे काही थोर विद्यापीठाचे शहर नव्हे. म्हणूनच तिथे ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसते.

पहिली गोष्ट म्हणजे या गावाला जुना इतिहासच नाही. आपल्या जिल्ह्यात इतिहासाला तोटा नाही. अहमद निजामशहाने १४९० मध्ये वसवलेले नगर (२०२४ पासून त्याचे सरकारी नाव अहिल्यानगर), संगमनेर, नेवासे, राहुरी, शेख महंमदांचे श्रीगोंदे. श्रीरामपूरला ना वेस, ना गढी, ना निजामशाही मशीद. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि बेलापूरला जाणाऱ्यांसाठी रानात एक स्टेशन झाले. त्याच्याभोवती 'बेलापूर रोड' नावाची वस्ती उभी राहिली. पुढे १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे पाणी डाव्या-उजव्या कालव्यांतून खाली आले आणि कोरडवाहू मुलखात ऊस उभा राहिला. उसामागे गूळ आला, गुळामागे आडत आली, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आला. कालव्याच्या बागायतीचे कसब असलेले सासवडकडचे माळी आले. मारवाडी, गुजराती व्यापारी आले, फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मणियार आले. ट्रक, पंप आणि इंजिने दुरुस्त करणारे मिस्त्री आले. हरेगावच्या मतमाउलीची यात्रा पाहिली तर ख्रिस्ती समाज किती मुळे धरून आहे ते कळते. थोडक्यात, इथे सगळेच बाहेरचे. या गावात पत्ता विचारला तर लोक आळी किंवा पेठ सांगत नाहीत, वॉर्ड नंबर सांगतात. आळीला जात असते, पेठेला वार आणि वंश असतो. नंबराला निदान सुरुवातीला तरी काही नसते. मला तेव्हा हे फार रुक्ष वाटले होते. आता वाटते की त्या रुक्षपणातच या गावाची संधी होती.

याच प्रवरेवर, श्रीरामपूरपासून फार लांब नाही, नेवासे आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी तिथे एका खांबाला टेकून गीतेवरची टीका सांगितली असे परंपरा मानते. त्याच परंपरेत असेही आहे की या भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या विद्वानांपुढे उभे राहावे लागले होते. पैठण हे त्या काळचे विद्येचे मोठे केंद्र. शास्त्री-पंडितांनी भरलेले, दक्षिणेतील काशी म्हणून मिरवणारे. पैठणने संन्याशाच्या मुलांचे कुळ तपासले. नेवाशाने टेकायला खांब दिला. कथेचा ऐतिहासिक पुरावा काय, हा वाद अभ्यासकांनी करावा. मला त्यातला फरक महत्त्वाचा वाटतो. विद्येच्या गावांचे हे दोन प्रकार तेव्हापासून आजपर्यंत चालत आलेले आहेत.

आपल्याकडे, म्हणजे मुसलमान समाजात, शिक्षणाचा विषय निघाला की लगेच बगदादच्या निजामियाचा, कुर्तुब्याचा उल्लेख होतो. आपण वैभवाचा हिशोब फार दुरून सुरू करतो. जवळचे उदाहरण बिदरचे आहे. बहमनी वजीर महमूद गावानने १४७२ मध्ये तिथे जो मदरसा बांधला, त्यात व्याख्यानांच्या दालनांबरोबर विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खोल्या होत्या, मशीद होती आणि हजारो हस्तलिखितांचे ग्रंथालय होते असे सांगतात. इराणी धाटणीच्या निळ्या फरशांचे अवशेष आजही दिसतात. पण १४८१ मध्ये सुलतानाने याच महमूद गावानला देहदंड दिला. पुढे १६९६ मध्ये दारूच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग उडाला. इमारत कुणी उडवली किंवा कशी उडाली, यापेक्षा मला वेगळाच प्रश्न पडतो. वजीर गेल्यावर बिदर गावाने तो मदरसा आपला म्हणून का चालवला नाही? उत्तर बहुधा असे आहे की गावाचा त्याच्याशी संबंधच नव्हता. खोल्या वजिराच्या, जेवण वजिराचे, ग्रंथ वजिराचे. गाव भिंतीबाहेर होते. नगरच्या निजामशाहीतही शाह ताहिरसारखा विद्वान शिकवत होता, फरिश्ता हा इतिहासकार काही काळ तिथे होता. दरबार उठला, विद्या उठली. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात मौलाना आझाद लिहीत बसले होते, पण ते कैदी म्हणून! तेव्हा नगरमध्ये कॉलेजही नव्हते. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले ते १९४७ मध्ये.

भिंतीबाहेरच्या गावाचे आणि विद्यार्थ्यांचे पटत नाही, हे केवळ आपलेच दुखणे नाही. ऑक्सफर्डला १२०९ मध्ये गावकरी आणि विद्यार्थी यांच्यात रक्तपात झाला, विद्यार्थ्यांना फासावर चढवले गेले, शिकणारे-शिकवणारे गाव सोडून पांगले. त्यांतले काही केंब्रिजला गेले आणि तिथे नवे विद्यापीठ उभे राहिले. १२१४ मध्ये पोपच्या प्रतिनिधीने ऑक्सफर्डकरांशी तह केला. त्या तहाची कलमे मला फार बोलकी वाटतात. गावकऱ्यांनी दहा वर्षे विद्यार्थ्यांकडून खोल्यांचे निम्मेच भाडे घ्यावे. गरीब विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी बावन्न शिलिंग द्यावेत. आणि संत निकोलसच्या दिवशी शंभर गरीब विद्यार्थ्यांना जेवू घालावे. जगातल्या एका थोर विद्यापीठाच्या सनदेत सुरुवातीलाच ग्रंथ नाही, गुरू नाही. खोलीचे भाडे आहे आणि जेवण आहे.

पुण्याचेही तेच. १८२१ ची संस्कृत पाठशाळा, १८८५ चे फर्ग्युसन ही नावे सगळ्यांना ठाऊक असतात. पण पुण्याला विद्येचे माहेरघर केले ते वाड्यातल्या खोल्यांनी, खाणावळींनी, सायकलींनी आणि अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांनी. त्याच्याही आधी 'वार' लावून जेवण्याची पद्धत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे सात दिवस जेवून गरीब मुलगा शिकत असे. कुणी माधुकरी मागत असे. ही सोय फार मोठी होती, तिने कित्येक मोठी माणसे घडवली, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. फक्त त्या पंगतीत पान कुणासाठी मांडले जात होते, ते ठरलेले होते. कुणब्याच्या, महाराच्या, मणियाराच्या मुलाला पुण्यात वार लागणे शक्य नव्हते. कॉलेजचे दार त्याला कायद्याने उघडे असले तरी रात्री पाठ टेकायची कुठे आणि सकाळी भाकरी कोण देणार, या दोन प्रश्नांनी ते दार बंद होते. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ च्या 'कोसला'तला सांगवीकर पुण्यात जे हॉस्टेल, जी मेस भोगतो, ती खेड्यातल्या मुलाच्या वाट्याला यायला मधली कितीतरी वर्षे जावी लागली.

मधल्या या वर्षांचा इतिहास कोल्हापूरपासून सुरू होतो. कोल्हापूरला राजाराम कॉलेज १८८० पासून होते. पण शाहू महाराजांच्या लक्षात आले की कॉलेज असून बहुजनांच्या मुलांना उपयोग नाही, कारण त्यांना गावात ठिकाण नाही. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैनांचे. १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन होऊन मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. त्याचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले, काही देवस्थानांचे उत्पन्न त्याला लावून दिले. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क हॉस्टेल झाले. कुराणाचा मराठी अनुवाद व्हावा म्हणून पैसे मंजूर करणारा हा राजा होता, हे आपल्या व्यासपीठांवरून नेहमी सांगितले जाते, ते योग्यच आहे. पण मला त्यांचे बोर्डिंग अनुवादापेक्षा मोठे वाटते. अनुवाद वाचण्यासाठी आधी मुलगा शाळेत टिकायला हवा. आणखी एक गोष्ट. ही बोर्डिंगे जातवार होती याबद्दल पुढच्या काळात टीका झाली. त्या काळी एका पंगतीला सगळे बसायला तयार नव्हते, ही वस्तुस्थिती होती, आणि राजालाही ती एका दिवसात बदलता येत नव्हती.

ती बदलण्याचे काम कोल्हापुरातल्याच जैन बोर्डिंगमधून बाहेर काढलेल्या एका विद्यार्थ्याने केले. मिस क्लार्क हॉस्टेलच्या समारंभाला भाऊराव पाटील गेले, परतल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले, ही हकिगत त्यांच्या चरित्रात येते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन मुले एकत्र राहत, स्वतःच स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळाले. पोरांची चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. घरोघर 'मूठफंड' निघाला. बाईने दळायला घेताना एक मूठ धान्य बाजूला काढायचे. म्हणजे पुण्यात जे एका जातीपुरते 'वार' होते, ते भाऊरावांनी सगळ्या रयतेचे केले. १९४७ मध्ये साताऱ्यात 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. पुढे संस्थेने साताऱ्यात अध्यापक महाविद्यालय काढले तेव्हा त्याला मौलाना आझादांचे नाव दिले. हे नाव देताना कुणाला काही सिद्ध करायचे नव्हते, असे मला वाटते. तेव्हा ते सहज होते.

भाऊराव ९ मे १९५९ रोजी गेले. आणि १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, श्रीरामपुरात रयतचे कॉलेज सुरू झाले. त्याला रावबहादूर नारायणराव बोरावके यांचे नाव आहे. बोरावके हे सासवडच्या माळी बागायतदारांपैकी, उसाच्या शेतीतले मोठे नाव. कालव्याच्या पाण्यातून आलेला पैसा कॉलेजकडे वळला, असे एका वाक्यात म्हणता येईल. पण कॉलेज भरले ते कशाने? एक तर त्या सुमारास राज्य सरकारने ई. बी. सी. सवलत सुरू केली. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबातल्या मुलांची फी माफ. यशवंतराव चव्हाणांच्या काळातल्या या निर्णयाचे महत्त्व आपल्या लेखनात फारसे येत नाही. ही सवलत जात विचारत नव्हती, उत्पन्न विचारत होती. त्यामुळे मराठा शेतकऱ्याच्या मुलाच्या रांगेत बागवानाचा, तांबोळ्याचा, मणियाराचा मुलगाही तोच फॉर्म घेऊन उभा राहिला. तलाठ्याचा दाखला मिळवायला अब्बांना दोन बाजार बुडवावे लागले होते, पण मिळाला. त्या कागदावर मी चार वर्षे शिकलो.

दुसरे कारण खास श्रीरामपूरचे आहे. बेलापूर कंपनीने पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात परिसरातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी उसासाठी खंडाने घेतल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर कमाल जमीनधारणेचा कायदा आला आणि त्या जमिनी मूळ मालकांकडे जाण्याऐवजी १९६३ मध्ये निघालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. जमीन डोळ्यांसमोर, ऊस डोलतो आहे, आणि ती आपली नाही. या खंडकऱ्यांचा लढा दोन पिढ्या चालला. जमिनी प्रत्यक्ष परत मिळू लागल्या त्या २०१२ च्या सुमारास. माझ्या वर्गात खंडकऱ्यांची मुले होती. त्यांच्या घरी जमिनीवर भरवसा उरला नव्हता, म्हणून मुलाला कॉलेजात घातले होते. आमच्या घरी जमीन कधी नव्हतीच. या दोन अभावांची मैत्री लवकर जमली. महामंडळाच्या चाळीतून येणारी ऊसतोड आणि कारखाना कामगारांची मुले होती, हरेगावकडची ख्रिस्ती मुले होती. वर्गात हजेरी झाली की सगळ्या मुलखाची नावे ऐकू येत.

आता खोलीचे सांगतो. पहिल्या वर्षी मला वसतिगृहात जागा मिळाली नाही. मी खोली शोधत हिंडलो. तीन ठिकाणी पाटी होती, 'खोली भाड्याने देणे आहे'. तीनही ठिकाणी गोष्ट भाड्यापर्यंत नीट आली, मग मालकाने नाव विचारले, आणि मग ती खोली कालच गेलेली असायची. कुणी अपमान केला नाही. एका ठिकाणी तर पाणी दिले, चहाही दिला. पण खोली कालच गेली होती. तिसऱ्या घरानंतर मी एक युक्ती शिकलो: दारात उभे राहताच, भाडे विचारण्याआधी, आपले पूर्ण नाव सांगून टाकायचे. नकार लवकर मिळतो, पाय कमी दुखतात. ही युक्ती मला पुढे नोकरीत, बदलीच्या प्रत्येक गावात उपयोगी पडली.

शेवटी आमच्या नात्यातल्या एका सायकल दुकानदाराने दुकानावरचा माळा दिला. ट्यूब आणि सोल्यूशनचा वास, खाली दिवसभर ठोकाठोक. जेवण स्टेशनजवळच्या एका खाणावळीत. खाणावळवाल्या बाई विठ्ठलाच्या माळकरी होत्या. त्यांच्या वहीत माझे नाव त्यांनी 'वैजापूरवाला' असे लिहिले होते आणि चार वर्षांत ते बदलले नाही. दुष्काळात मिलोच्या भाकरी मिळायच्या, लाल, घशात अडकणाऱ्या. उधारी तीन-तीन महिने थकायची. रमजानमध्ये पहाटे डबा लागायचा, तर त्या रात्रीच भाकरी-कालवण बांधून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पोरा, सकाळी गरम मिळायचं नाही, चालंल का?" एकाच गावात तीन घरांतून खोली गेलेली आणि एका घरातून डबा आलेला. म्हणून श्रीरामपूर सोवळे होते असेही मला म्हणता येत नाही आणि ओवळे होते असेही नाही. दुसऱ्या वर्षी वसतिगृहात जागा मिळाली. तिथे खोली देताना रेक्टरने फक्त गुणपत्रिका पाहिली होती.

मुलींची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते अधिक मोलाची आहे. आम्हा मुलांना खोली हवी होती. त्यांना नको होती. त्या काळी मुसलमान मुलीला पुण्याला किंवा नगरला ठेवायचे म्हटले तर घरात आकांत झाला असता. पण कॉलेज गावातच, घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आले, तेव्हा 'नाही' म्हणायला बापाकडे सबळ कारण उरले नाही. माझ्या वर्गात मोहल्ल्यातल्या दोन मुली होत्या. एकीचा भाऊ तिला फाटकापर्यंत सोडायचा आणि फाटकातून घेऊन जायचा. ती पुढे शाळेत शिक्षिका झाली आणि त्या भावाची मुले तिच्याच वर्गात शिकली. लहान गावातल्या कॉलेजने महाराष्ट्रात नेमके काय केले, याचे उत्तर मोठ्या नावांच्या यादीत सापडणार नाही. ते या फाटकाशी सापडेल.

याच्या उलट उदाहरणेही ध्यानात घ्यावीत. सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये इंग्लंडला गेले, केंब्रिज पाहून आले आणि १८७५ मध्ये अलीगढला शाळा, १८७७ मध्ये कॉलेज काढले. १९२० मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. वसतिगृह हा तिथल्या शिक्षणाचा प्राण. हिंदू विद्यार्थीही तिथे शिकले. अलीगढचे ऋण मोठे आहे. पण रेल्वेच्या एका बाजूला विद्यापीठ आणि दुसऱ्या बाजूला कुलुपे बनवणारे जुने शहर, अशी ती रचना आहे. कुलूप बनवणाऱ्या कारागिराच्या पोराला रूळ ओलांडणे किती अवघड होते, याचा हिशोब आपण फारसा मांडत नाही. औरंगाबादेत १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय काढले, तेही गावाबाहेर, पुढे नागसेनवन म्हणून ओळखल्या गेलेल्या माळावर. तिथे मात्र उलटे घडले. गावाने ज्यांना खोली दिली नसती त्यांच्यासाठी तो माळच गाव झाला. त्या वसतिगृहांतून, त्या झाडांखालून दलित साहित्य वर आले. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' त्याच परिसरातले. त्याच शहरात १९६३ मध्ये रफिक झकेरियांनी मौलाना आझाद कॉलेज काढले. त्या कॉलेजभोवती मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम तरुणांची तशी पिढी का उभी राहिली नाही, हा प्रश्न मी मित्रांना नेहमी विचारतो. भाषेचे कारण आहे, उर्दूचा दबदबा आहे, हे खरे. पण एवढ्याने माझे समाधान होत नाही. आपल्या मुलांनी कॉलेजात पदवी घेतली, वसतिगृहात वाद घातला नाही, असे मला वाटते. आणि वादाशिवाय लेखक होत नाही. हे मत चुकीचे असल्यास कुणीतरी खोडून काढावे.

१९८३ नंतर चित्र पालटले. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. सहकारी साखर कारखान्यांकडे जमीन होती, पैसा होता. लोणीला अभियांत्रिकी कॉलेज आले, १९८४ मध्ये वैद्यकीय कॉलेज आले. संगमनेरलाही अभियांत्रिकी कॉलेज आले. खेड्यात डॉक्टर-इंजिनियर घडू लागले ही लहान गोष्ट नाही. पण त्या कॉलेजांच्या फाटकाबाहेर झेरॉक्स, चहा आणि वडापाव एवढेच गाव आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे तर त्याहून विचित्र. १९६८ मध्ये स्थापन झालेले एवढे मोठे विद्यापीठ, हजारो एकरांचा परिसर, आणि राहुरी गाव त्यापासून अलिप्तच. दुसरीकडे संगमनेरसारखे जुने गाव आहे. तिथे १९६१ पासून कॉलेज आहे आणि रंगनाथ पठारे यांच्यासारखा कादंबरीकार तिथे पदार्थविज्ञान शिकवत होता. गावातला वाणीसुद्धा "सर, नवीन काय लिहिताय?" असे विचारू शकतो, ही त्या गावाची श्रीमंती.

श्रीरामपूरचे काय झाले? हरेगावचा कारखाना बंद पडला. ज्यांना झेपले त्यांची मुले लोणी, पुणे, पुढे लातूर-कोटा येथे क्लाससाठी गेली. कोट्यात खोल्या हजारोंनी आहेत, मेस आहेत, पुस्तकांची दुकाने आहेत. नाही ते फक्त कॉलेजचे वय. सतरा वर्षांच्या मुलाने त्या खोलीत काय करायचे ते वेळापत्रकावर लिहिलेले असते. बोरावके कॉलेजात मात्र अजून खेड्यातली मुले येतात. एस. टी.च्या पासवर येतात, दुपारच्या गाडीने जातात. माझ्या काळी वसतिगृहामुळे आम्ही रात्री गावात असायचो: वाचनालयात, नाटकाच्या तालमीत, गणपतीच्या व्याख्यानाला, मोहरमच्या सवारीला. आताचा विद्यार्थी दुपारी तीननंतर गावात नसतो. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की देशातल्या नामवंत कॉलेजांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासांमागे एक मुसलमान असतो. आमच्यासारख्या गावातल्या कॉलेजांची मोजणी त्या आकड्यात नाही. पण बाकीचे जिथे शिकले, ती हीच कॉलेजे. त्यांची प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात, तासाच्या मानधनावर शिकवणारे तरुण दोन-दोन कॉलेजे करतात, याबद्दल आपल्या संघटनांनी कधी मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही. आपण नव्या स्वतंत्र संस्थेसाठी जागा मागतो. ती मागावीच. पण जिथे आपली चार पोरे आधीच बसलेली आहेत त्या बाकाची काळजी कोण करणार?

निवृत्तीनंतर मी श्रीरामपुरातच घर बांधले. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. गेल्या जूनमध्ये पाटी लावली. पहिल्याच दिवशी एक बाई मुलाला घेऊन आल्या, खोली पाहिली, पाणी किती वेळ येते ते विचारले. सगळे ठरत आले आणि माझ्या तोंडून निघाले, "नाव काय म्हणालात?" त्यांनी आडनाव सांगितले. माझ्या मनात आले, या लोकांना आपल्या घरातले मटण चालेल का, पहाटेच्या अजानचा त्रास होईल का, उद्या गावात काही झाले तर यांची जबाबदारी कुणावर. मी म्हणालो, मुलाला विचारून कळवतो. मुलगा पुण्यात असतो, त्याला विचारण्यासारखे काहीच नव्हते. त्या जिना उतरून गेल्या तेव्हा बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिला माझी माळ्यावरची गोष्ट पाठ आहे.

मी चपला घालून खाली गेलो. त्या कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी उभ्या होत्या. किल्ली दिली.

दुसऱ्या खोलीसाठी आठवड्याने एक मुलगा आला. एकटाच, पाठीला सॅक, एस. टी.ने आलेला, वैजापूरकडचा. दार उघडले तसे, मी काही विचारण्याआधीच, त्याने आपले पूर्ण नाव सांगितले.